उंबऱ्यातल्या चपला

वीरभद्रय्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. हैदराबादच्या सरकारी छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवले त्यांनी. माणूस देवभोळा, सरळ, पण एका गोष्टीला थरथर कापणारा: रजिस्टर्ड पाकीट. लहानपणी असंच एक पाकीट वडिलांनी सही करून घेतलं आणि शेत गेलं, हे त्यांच्या मनात कायमचं बसलेलं. न घेतलेलं पत्र आलंच नाही, असा त्यांचा कायदा.

छापखाना कर्मचारी सोसायटीत त्यांना प्लॉट मिळाला होता. तीन वर्षांत बांधकाम सुरू करायची अट होती. त्यांनी पूजा करून पाया घातला, कोपऱ्यात नारळही लावला. पण सोसायटीला कळवायचं राहून गेलं.

एके दिवशी सोसायटीचं रजिस्टर्ड पाकीट आलं. आतून ते बायकोला, सुगुणम्माला म्हणाले, "सांग, गावाला गेलेत."

पोस्टमन हसला. "अम्मा, चपला उंबऱ्यात, खोकला आत, आणि साहेब गावाला?" त्यानं पाकिटावर लिहिलं, 'घेण्यास नकार', आणि निघून गेला.

प्लॉट रद्द झाला, दुसऱ्या सभासदाला गेला. वीरभद्रय्यांनी दावा लावला. कोर्टात मी सोबत जात असे. वीरभद्रय्यांनी शपथेवर सांगितलं, "मला नोटीसच मिळाली नाही." सोसायटीच्या वकिलानं शांतपणे तेच बंद पाकीट पुढे केलं. न्यायाधीशांनी ते फोडून वाचलं. 'पाया घातला असल्यास पंधरा दिवसांत फोटो आणून दाखवा, प्लॉट कायम राहील.'

फोटो वीरभद्रय्यांच्या खिशात होता. पूजेचा, हळदकुंकवाचा.

"पत्र नाकारलंत म्हणजे मिळालंच, कायदा असाच आहे," न्यायाधीश म्हणाले. निकाल विरुद्ध गेला.

बाहेर आमचे वकील बोट नाचवून म्हणाले, "निकालाची प्रत टपालानं घरी येईल. ती हातात पडू द्या, अपिलात प्लॉट वाचवू. पण मुदत गेली की मी काही करू शकत नाही. कळलं ना, वीरभद्रय्या गारू?"

"कळलं," ते म्हणाले. रिक्षात मात्र सारखं पुटपुटत होते, "त्या चपलांनी घात केला."

मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

काल दुपारी पोस्टमन वर गेला. सुगुणम्मा बहिणीकडे गेली होती. त्यानं तीनदा कडी वाजवली. मी धापा टाकत जिना चढले. त्याच्या हातात लांब सरकारी पाकीट होतं.

उंबरा स्वच्छ होता. चपला नव्हत्या.

"वीरभद्रय्या! दार उघडा हो! ही निकालाची प्रत आहे, अपिलासाठी हवी आहे!" मी दार बडवलं.

पोस्टमननं खांदे उडवले, पेन काढलं आणि पाकीट भिंतीला टेकवून लिहू लागला. दारापलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी तोंडावर हात धरून खोकला दाबत होतं.