समोरची वेताची खुर्ची

"बैठिए तो सही, बहनजी. कागज़ कहीं भागा नहीं जा रहा."

हे म्हणताना ते उजवा तळवा समोरच्या वेताच्या खुर्चीकडे असा पसरायचे, की बसणाऱ्याला वाटावं, आपल्यासाठी गालिचाच अंथरलाय. आणि कागद खरोखरच कुठे पळत नसे. तो त्यांच्या काचेच्या पेपरवेटखाली पडून राही, तुम्ही येऊन बसेपर्यंत.

लखनौला आलमबागच्या पुढे पंप बनवणारा एक कारखाना होता. ते तिथे परचेस ऑफिसर, मी स्टोअरमध्ये. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. नवऱ्याची नोकरी रेल्वेत, म्हणून आम्ही सांगलीहून तिकडे गेलेलो. स्टोअरमधला माल संपत आला की मी मागणीचा कागद करायचा, त्याला सगळे इंडेंट म्हणत. तो त्यांच्याकडे जायचा. त्यांची सही झाली की ऑर्डर निघायची. इतकं सरळ काम.

पण त्यांच्या राज्यात कागदाला किंमत नव्हती, माणसाने येऊन बसण्याला होती. बसलं की चहा. मग मलिहाबादच्या बागेतला आंब्याचा मोहर. मग कोणाच्या तरी मुलीचं लग्न. मग त्यांचे गुडघे. शेवटी पेपरवेटवर बोट ठेवून ते निरागसपणे विचारायचे, "हाँ, तो बताइए, क्या खिदमत करें?" मागणी त्याच पेपरवेटखाली, माझ्या अक्षरात, दोन दिवसांपासून.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. पैसे खात नाही, आवाज चढवत नाही, आणि त्याच्यावाचून एक खिळा येत नाही.

मला बसायला वेळ नसायचा. मी सकाळी दिवसाच्या कामांची यादी करते, संध्याकाळी ती खोडलेली असते. त्या यादीत आंब्याच्या मोहराला जागा नव्हती. नवरा म्हणायचा, "अगं, जाऊन बस ना पाच मिनिटं. चहा तर फुकट आहे." मी म्हणायचे, "मी त्यांची नातेवाईक नाही. कागद पाठवलाय."

एकदा बेअरिंगची मागणी पाठवली. नंतर दोनदा आठवणीची चिठ्ठी पाठवली. स्वतः गेले नाही. बेअरिंग संपली, असेंब्लीचं काम बंद पडलं, कामगार दुपारभर बाहेर लिंबाखाली बसून राहिले. जी.एम. साहेबांच्या मीटिंगमध्ये ते हळुवारपणे म्हणाले, "सर, कागज़ तो आया होगा. पर बहनजी खुद तो आईं ही नहीं. हम समझे, कोई जल्दी नहीं है."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या वर्षी मी स्टोअर इनचार्ज व्हायची होते. झाला दुसरा, जो रोज त्यांच्याकडे चहाला बसायचा.

त्या दिवशी घरी येऊन मी उद्याची यादी केली. सगळ्यात खाली त्यांचं आडनाव लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही. ती ओळ खोडायला मला दोन-तीन वर्षं लागली.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. खरेदी आणि स्टोअरचं सगळं काम त्यावर होणार, असं वरून ठरलं. काचेची खोली, एसी, आणि धूळ नको म्हणून दाराबाहेर चपला काढायच्या. देवळात जावं तसे साहेबलोक मोजे घालून आत जायचे. दिल्लीहून एक तरुण इंजिनिअर आला. त्याने काही विचारलं की लोक म्हणत, "वो सब बाद में देख लीजिएगा." त्याच्याशी नीट बोलणारी मी एकटी. प्रत्येक वस्तूला नंबर द्यायचं काम मी मागून घेतलं. नट, वॉशर, गॅस्केट, कामाला जुंपल्यासारखी बसले.

एकदा तो म्हणाला, "मैडम, रोज़ सुबह पेंडिंग इंडेंट की लिस्ट छप सकती है. उसमें क्या-क्या दिखाना है?"

"वस्तूचं नाव," मी हिंदीत सांगितलं, "तारीख, आणि कागद कोणाच्या टेबलवर पडलाय ते."

"टेबल किसका, ये भी?"

"वही तो."

"और लिस्ट जाएगी किसके पास?"

"जी.एम. साहब की मेज़ पर. चाय से पहले."

कशासाठी, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण साहेबांची सही घेऊन ते पक्कं करून टाकलं.

तेव्हापासून रोज सकाळी तो प्रिंटर किरकिरायला लागला. लांबलचक कागदावर एकाच माणसाचं नाव खालपर्यंत. पहिला आठवडा त्यांनी हसण्यावारी नेला. "मशीन को क्या मालूम, बहनजी, कौन आया, कौन नहीं."

मग ऑइल सील अडले. पुन्हा मीटिंग, पुन्हा तोच हळुवार आवाज. "सर, बहनजी तो आईं ही नहीं..."

जी.एम. साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "उनके आने की क्या ज़रूरत है? यहाँ लिखा है, नौ दिन से आपके पास है."

त्यांनी यादी स्वतःकडे ओढून तारीख पाहिली. मी त्यांच्याकडे बघत राहिले, नजर हलवली नाही. मला फार बरं वाटलं. आजही वाटतं.

पुढच्या खेपेला मी इनचार्ज झाले.

ते बधले नाहीत हं. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे धरून वाकायचा, बुटाच्या नाड्या सोडायचा, आत जाऊन एका बोटाने कीबोर्ड शिकला. एका सकाळी यादी घेऊन स्वतः स्टोअरच्या खिडकीशी उभा. "मुबारक हो बहनजी, आज आपका नाम भी छपा है." माल आला होता आणि मी तो तपासून मशीनवर चढवला नव्हता. तिथेच उभं राहून ते माझं नाव दोनदा मोठ्याने वाचून गेले. त्यानंतर माझं नाव कधी छापू दिलं नाही मी. त्यांनीही त्यांचं नाही. कारखाना घड्याळासारखा चालू लागला आणि वेताच्या खुर्चीवर फायली साठायला लागल्या. बसायला आता कोणी जात नव्हतं.

ते रिटायर झाले त्या दिवशी एक कागद घेऊन माझ्याकडे आले. जाणाऱ्याकडे आमच्या विभागाचं काही राहिलेलं नाही, अशी सही प्रत्येक खात्याची लागते. त्यांच्याकडे आमचं काहीच नव्हतं. पेन माझ्या हातात होतं.

मी कागद घेतला, पेपरवेटखाली ठेवला आणि तळवा खुर्चीकडे पसरला. "बैठिए तो सही, भाईसाहब. कागज़ कहीं भागा नहीं जा रहा."

ते बसले. चहा मागवला. मी मुद्दाम रॅक मोजून आले, दोन फोन केले. परत आले तर ते आरामात टेकून बसलेले, चेहऱ्यावर पाहुण्याचा आनंद. म्हणाले, "चाय में अदरक कम है." मग आंब्यांबद्दल बोलले, मग गुडघ्यांबद्दल. घाई त्यांना नव्हतीच. शेवटी मीच वैतागून सही केली. उठताना ते म्हणाले, "इतने बरस में आज पहली बार आपने बैठने को कहा." आणि निघून गेले. कागद टेबलवरच राहिला.

मी हाक मारली नाही. म्हटलं, येतील परत.

आला शिपाई, दोन दिवसांनी. मी विचारलं, "खुद क्यों नहीं आए?"

"कह रहे थे, अब बहनजी की बारी है. कागज़ लेकर घर आ जाएँ, बैठेंगे."

मी कागद त्याच्याच हाती दिला.

त्यांचं घर महानगर नावाच्या वस्तीत होतं, माझ्या अलीगंजच्या घराच्या वाटेवर. संध्याकाळी स्कूटरवरून जाताना व्हरांडा दिसायचा. दोन वेताच्या खुर्च्या. एकीत ते, दुसरी रिकामी, रस्त्याकडे तोंड केलेली. मला पाहिलं की त्यांचा तळवा तिच्याकडे पसरायचा. मी मान हलवायचे. वेग कमी केला नाही.

नंतर एका हिवाळ्यात व्हरांड्यात दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसल्या, आणि दाराशी चपलांचा ढीग. त्या संध्याकाळी मी ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर टेकवला. मग मागून सायकलरिक्षावाल्याने घंटी वाजवली, आणि मी पुढे निघाले.