कापसाच्या वाटेवरची कॉफी

कॉफीला झाकणाचं भांडं हवं, बारीक मलमल हवी, असं आमच्या घरातल्या पोरी सांगतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अगं, मी कॉफी केली आहे ती भाकरीच्या तव्यावर, दगडावर आणि तांब्यात. तशी नंतर सगळं सामान पुढे मांडूनही जमली नाही.

तेव्हा आम्ही हिवरखेडला होतो. साता समुद्रापार कुठेशी लढाई जुंपली होती आणि त्यापायी म्हणे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्या त्याच्या बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चढल्या. आमच्या घरात आली ती कॉफी, पण चैन म्हणून नव्हे. माझ्या सासूबाईंना दमा होता. अकोटच्या एका हकीमसाहेबांनी सांगितलं, बुंदाचे दाणे काळपट भाजून त्यांचा कडक काढा घेत जा, दूध घालू नका. बुंद म्हणजे कॉफीच. आमच्याकडे तोच शब्द होता. मुंबईहून येणारा तो माल, एरवी आमच्या उंबऱ्याला कशाला लागतोय!

सासूबाईंचा त्यासाठी थाट होता. एक लोखंडी कढई, एक इवलंसं जातं, झाकणाचं पितळी भांडं आणि मलमलीचं फडकं, सगळं एका टोपलीत. त्याला दुसऱ्या कशाचा वास लागलेला त्यांना खपत नसे. रोज भाजणं, दळणं, उकळणं माझ्याकडे, पहिला घोट घेऊन "जमली" किंवा "हात मोडले काय व तुये?" म्हणणं त्यांच्याकडे.

एका हिवाळ्यात आमचे हे कापसाची गाडी घेऊन अमरावतीला निघाले. आगगाडी अजून तिकडे पोचायची होती. सासूबाईंनी हट्ट धरला, "मले बी घेऊन चाल. तिथून रिद्धपूर किती दूर हाय? एकडाव दर्शन होऊ दे." मग त्यांच्यासोबत मीही निघाले. अकोट मागे पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका नदीकाठी बैल सोडले आणि मी टोपली शोधायला लागले. टोपली घरीच, चुलीपाशी राहिली होती. दाण्यांची पुरचुंडी तेवढी पिठाच्या थैलीत सापडली.

"राहू दे. एक दिवस नाई पेली त मरून जातो का मी?" सासूबाई फणकारल्या. तासाभरात त्यांचा श्वास अडकला. कालपासून त्या कापसावर बसून होत्या, बारीक तुसं छातीत गेली असणार. गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून, खांदे वर उचलून त्या हवा ओढत होत्या. ओठ काळेनिळे झाले. जवळ गाव नाही, हकीम राहिला अकोटला. आमचे हे एवढे धिप्पाड, पण "माय, माय व" करत नुसते येरझाऱ्या घालायला लागले.

"हिंडून काय राहिले? काड्या आणा!" मी ओरडले. नवऱ्यावर ओरडण्याची ती माझी पहिलीच वेळ.

तवा तापवून निम्मे दाणे टाकले आणि काडीने हलवत काळपट केले. धुतलेल्या दगडावर वाटीच्या बुडाने कुटले, तांब्यात पाणी उकळून त्यात भुकटी सोडली. आता गाळायचं कशाने? मी पदर पुढे केला तर सासूबाईंनी तशातही मान हलवली. नेसूचं लुगडं नको! जीव कंठाशी आला तरी बाईचा हेका सुटेना. मग ह्यांना अक्कल सुचली. गाडीतून पसाभर कापूस उपसून म्हणाले, "गाडीभर गाळणी असून फडक्यासाठी काहून रडून राहिली?" त्यांनी वाटीवर कापूस धरला आणि मी घाईत तांब्या उपडा केला. जन्म गेला आमचा कापसात, पण कच्चा कापूस पाणी पीत नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अळूच्या पानावरून घरंगळावी तशी कॉफी घरंगळली आणि सगळी मातीत गेली.

उरलेले दाणे भाजले, कुटले, उकळले. हे संपले की संपलं. या वेळी गाळायचंच नाही असं ठरवलं. वरण उतू जायला लागलं की आपण थंड पाण्याचा हबका मारतो आणि ते खाली बसतं. तसाच हबका मी तांब्यात मारला आणि देवाचं नाव घेत थांबले. भुकटी हळूहळू तळाला गेली. वरचं काळं पाणी तांब्या न हलवता वाटीत उतरवलं.

पण जमली की नाही, हे सांगणार कोण? सासूबाईंना बोलता येत नव्हतं. ह्यांनी ती कधी तोंडाला लावली नव्हती. मग मीच घोट घेतला. कडू जहर!  जाळले मी शेवटचे दाणे, आता हे यांना कसं पाजू? वाटी फेकायला हात उचलला तोच सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. वाटी हिसकून घेतली आणि धापा टाकत, थांबत थांबत सगळी प्यायल्या.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा कुठे त्यांचे खांदे खाली उतरले, छातीतली घरघर कमी झाली.

"फेकून काहून राहिली होती व?" पहिलं वाक्य हेच.

"कडू झाली होती, आत्याबाई."

"कडूच असते ते." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तीन वरसं झाली, तू करून देते मले. तुले मालूम नाई?"

मला कुठून माहीत असणार? एवढ्या लांबून आणलेली महागाची वस्तू, तीही औषधाची. सुनेने करून द्यायची आणि भांडी घासायची. मला कोणी पी म्हटलं नव्हतं आणि मी कधी मागितली नव्हती.

सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सुनेले बी तोंड असते, हे म्या पायलंच नाई पोरी."

तांब्यात थोडी राहिली होती. ती त्यांनी आपल्या हाताने वाटीत उतरवली, गुळाचा खडा टाकला आणि वाटी माझ्यापुढे धरली. "पी."

मी प्याले. मुळीच आवडली नाही, खोटं कशाला बोलू? पण थेंबही ठेवला नाही, कारण मी पीत होते तोवर त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि माझी आई गेल्यापासून तसा हात कोणी फिरवला नव्हता.