लॅबवाल्या काकांविरुद्धचं पत्रक

मंगळवारी सकाळी अकरा वाजता इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या कॉलेजात लॅब टेक्निशियन काकांवर अन्याय झाला. करणारी मी.

युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं, तर शुक्रवारपर्यंत लॉगबुकवर त्यांची सही हवी होती. काका बोलण्याआधी चष्मा पुसतात. स्टीलची पट्टी वजनाने किती वाकते, याची माझी रीडिंग्ज पाहून त्यांनी तो दोनदा पुसला.

"पट्टी एवढी शहाणी नसते गं. पुन्हा कर."

रीडिंग्ज मैत्रिणीची होती, तीही मी नीटनेटकी करून घेतलेली. तरी तासाभरात मी पत्रक छापून कॉलेजभर वाटलं: 'आमचं भवितव्य अडवणारे हे कोण?' त्यात 'दडपशाही' हा शब्द पाच वेळा.

दुपारी नोटीसबोर्डवर ते एका टाचणीवर लोंबकळत होतं. काका दुसरी टाचणी लावून सरळ करत होते.

"वाचता तरी येऊ दे लोकांना," ते म्हणाले. "उद्या लंचला लॅब उघडी ठेवतो. ये."

बुधवारी माझी स्वतःची रीडिंग्ज वेडीवाकडी आली आणि सही मिळाली. पत्रकं मात्र अजून फिरताहेत. तुमच्या हाती पडलं असेल, तर फाडा. कुणाला वाचून दाखवलं असेल, तर आजच जाऊन सांगा, की मी खोटं लिहिलं होतं.