हलकं काम

सोयाबीनच्या मळणीयंत्रात माझा डावा हात मनगटापासून गेला. त्या दिवाळीनंतर ऊस तोडायला जाताना मुकादमानं नवऱ्याला सांगितलं, "कोयत्याला जोडी लागती. एका हातानं ही मोळी कशी बांधनार?" नवरा माझ्या दिराला घेऊन गेला. पालम तालुक्यातल्या आमच्या गावात मी आणि सासू राहिलो.

पुढे मला निराधारांचं अनुदान मंजूर झालं. उन्हाळ्यात पाझर तलावातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम निघालं, तेव्हा मी रोजगार सेवकाकडं गेले. तो गावातलाच, नात्यानं दीर लागणारा.

"वैनी, सरकार तुमाला बसून द्यायलंय. काम कशाला मागायलाव?"

"ते येतंय तवा येतंय. आमाला रोज जेवावं लागतंय."

त्यानं तालुक्याला विचारलं. अपंगाला हलकं काम द्यावं, म्हणजे मजुरांना पाणी पाजायचं, असं उत्तर आलं. मला बरं वाटलं.

सकाळी तलावावर गेले, तर पाण्याच्या टाकीजवळ आमच्या गल्लीतली मावशी बसलेली. नवरा आणि मुलगा दोघंही वारलेले, एकटी राहणारी म्हातारी. आतापर्यंत पाणी तीच वाटत होती. सेवकानं तिला उठवलं.

"मावशी, आजपासून तुमी मातीवर. पान्याला एकच मानूस ठेवता येतंय."

"मी म्हातारी हाय की रं."

"तुमचे हातपाय धड हायत."

मी म्हणाले, "तिला बसू द्या. पाटी डोक्यावर घ्यायची, एक हात पुरा होतोय मला."

"पडलाव तर जाब मला विचारतेत, वैनी."

 पदर कमरेला खोचून मावशी खाली तलावात उतरली. मी घागर कमरेवर दाबून धरली आणि पाणी द्यायला लागले. प्रत्येक फेरीला तिच्याकडं आधी जायचे. ती दोन घोट प्यायची आणि परत रांगेत लागायची. पाट्या भरणाऱ्या बाया तिची पाटी अर्धीच भरायच्या. तरी बांधाचा चढ होताच.

आठवडाभरात ती त्या चढावर घसरली. पाटी बाजूला गेली आणि ती कमरेवर आपटली. तिला उठता येईना. टेम्पोत घालून परभणीला न्यायचं ठरलं. वर चढवताना तिनं माझं लुगडं धरलं.

"उद्या माझ्या जागी कोन येनार?"

"कुनी न्हाई. तुमची जागा तशीच ठेवतेत."

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण या वयात झेपेल का, म्हणून कुणी पुढं झालं नाही. जिंतूरला दिलेली तिची मुलगी तिला घेऊन गेली. तलावावर दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी नवी बाई आली होती.

काम संपत आलं तेव्हा मावशी गेल्याचा निरोप आला. कुणी पाटी खाली ठेवली नाही. दुपारी बाया पाण्याला आल्या.  एकेक जण ओंजळ पुढं करायची, मी घागर कलती करायचे.