लाइट गेली की खूश होणारे नजीर सर

कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, नळ आलेला होता आणि मी मोटर लावून टाकी भरत होते, तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतल्या सगळ्या घरांतून वीजवाल्यांच्या नावाने ओरड सुरू झाली. फक्त समोरच्या घरातून पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ अनवाणी बाहेर आले, दोन्हीकडे गल्लीभर पाहिलं आणि टाळी वाजवून म्हणाले, "गेली! सलमा, सगळ्यायची गेली! चला!" आणि तसेच आत पळाले.

मी अमरावतीत नवी होते. भिंतीवरून त्यांच्या बायकोला विचारलं, "काहून हो भाभी, यायले काय झालं?"

"काई नाई झालं बाई," भाभी म्हणाल्या, "लोकायची लाइट गेली का आमच्या घरी ईद असते."

नजीर सरांची आणि माझी ओळख ही अशी झाली. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात त्यांचे मोठमोठे विद्यार्थी लिहीत आहेत. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते घरी, आणि बरंचसं सरांच्या कपाटातलं. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

सरांनी अकोल्याच्या तंत्रनिकेतनात आयुष्यभर रेडिओ शिकवला. निवृत्तीनंतर अमरावतीला घर केलं आणि पुढच्या खोलीत वर्कशॉप थाटलं. तिथे ते उत्तरेकडच्या बर्फातल्या गावांची हाक ऐकण्यासाठी रेडिओचे ग्राहक-संच, म्हणजे आवाज पकडणारे संच, तयार करतात. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की त्या गावांत मोबाइल चालत नाही. दवाखान्यात सौर पॅनेलवर चालणारा, हाक पाठवणारा एक लहानसा संच असतो. त्याचा आवाज आभाळाच्या वरच्या थराला लागून खाली येतो, पण येईपर्यंत अगदी क्षीण होतो. सर म्हणतात, "बोलणाराले जोर लावाले नोका सांगू. त्याच्यापाशी जोर असता तं त्यानं मदत कशाले मागतली असती? ऐकणारानं आपला कान सुधारावा." त्यांचं सगळं काम या एका वाक्यात आलं.

शहरात मात्र प्रत्येक एलईडी बल्ब, चार्जर आणि इन्व्हर्टर हवेत खरखर सोडत असतो. वीज गेली की ती खरखर एकदम बसते आणि दूरचं ऐकू येतं. म्हणून सरांच्या घरी लाइट गेल्याचा आनंद.

माझे यजमान वनरक्षक होते. सेमाडोहच्या पुढच्या चौकीवर त्यांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा त्यांनी वायरलेसवरून हाक दिली होती. पलीकडे कुणीतरी बोलतंय एवढंच खरखरीतून कळलं. चूक कुणाचीच नव्हती, मध्ये डोंगर होता. मी हे सांगितलं तेव्हा सर हळहळले नाहीत. त्यांनी विचारलं, "चौकी डोंगराच्या कोन्या अंगाले? एरियल उभा होता का आडवा?" जणू बिघाड अजून सापडू शकतो. मला येत होतं तेवढं मी सांगितलं. मग ते म्हणाले, "ताई, उद्यापासून कामाले येता का?" धीर देणारे मला पुष्कळ भेटले होते. त्या शेवटच्या हाकेबद्दल नीट विचारणारे सर पहिलेच.

मी तारेची वेटोळी गुंडाळायला शिकले, झाळकाम म्हणजे सोल्डरिंग शिकले, मोर्सची लांब-आखूड सुरांची अक्षरं कानाने ओळखायला शिकले. सरांच्या वर्कशॉपात एकच नियम आहे, न समजता पुढे जायचं नाही. मी "काहून?" म्हटलं की ते हातातलं काम टाकून खुर्ची ओढतात. भाभी आतून ओरडतात, "झालं! आता जेवण थंडच होते!"

गेल्या हिवाळ्यात परीक्षा आली. संच घ्यायचे की नाही, हे ठरवणारी मंडळी म्हणाली, दवाखान्यातल्या नर्स डोलमाताई आठवडाभर रोज सकाळी ठरल्या वेळी अर्थ नसलेली पाच अक्षरं पाठवतील. ती तुम्ही तुमच्या संचावर ऐकून बरोबर कळवा. आठवड्यात एकदाही जमलं नाही तर हा आराखडा रद्द, म्हणजे तो हिवाळाही गावाने मुकं राहूनच काढायचा.

लाइट आपल्या सोयीने जात नाही. म्हणून मी माझ्या भावाचं तिवसा तालुक्यातलं शेत सुचवलं. तिथे खांबच नाहीत. आम्ही बाज टाकली, तार ताणली, संच लावला. खरखर नव्हती, पण टक्, टक्, टक् असा ठोका सारखा चालू. डोलमाताईंची अक्षरं त्याखाली चेंगरून गेली. सर म्हणाले, इथे वीजच नाही, तेव्हा ठोका आपल्याच संचातला. त्यांनी बाजेवर अख्खा संच उघडला. दुसऱ्या सकाळीही टक्, टक्. तिसऱ्याही. आठवडा सरत आला आणि सरांचं जेवण सुटलं.

शेवटच्या सकाळच्या आदल्या दिवशी ते एकदम उठले, हातात वेटोळ्याचा लहान एरियल घेतला आणि तुरीच्या ओळींतून निघाले. थांबत, वळत, ठोका जिकडून मोठा येई तिकडे पुन्हा चालत. मी मागे. शेजारच्या बंडूभाऊंच्या हरभऱ्याच्या धुऱ्यापाशी, बांधावर, ते उभे राहिले आणि लहान मुलासारखे हसू लागले. समोर झटका मशीन! रोही, म्हणजे नीलगायी, आत येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत ठोक्याठोक्याने झटका सोडणारं, सौर पॅनेलवर चालणारं. आपल्याकडे शेताशेतांत असतं. आम्ही वऱ्हाडातली माणसं, पण वीज म्हणजे खांबावरचीच, असं धरून बसलो होतो.

"बंडूभाऊ, उद्या सकायी थोडा वेळ बंद ठेवसान का?" मी विचारलं.

"बंद? अन् रोही माह्या हरभऱ्याची वाट लावतीन तं सर भरून देतीन का?"

"देतो ना," सर म्हणाले. "अन् तोवरिक आमी राखतो."

"तुमी? या वयात रोह्याच्या मागं पयसान?"

"मी नाई. माही बायको."

दुसऱ्या सकाळी खरंच भाभी, माझा भाऊ, भावजय आणि सरांचे दोन विद्यार्थी थाळ्या घेऊन हरभऱ्याच्या चारी धुऱ्यांवर उभे होते. भाभींनी भीत भीत विचारलं, "वाजवली तं तुमच्या रेडिओले तरास नाई ना होत?" सर म्हणाले, "बिनधास्त वाजव! त्याले थाळी ऐकू येत नाई." आणि रोही आलेच, चांगले पाच-सहा! भाभी थाळी बडवत त्यांच्यावर अशा धावल्या की बंडूभाऊ हातातली बिडी विसरले.

सरांनी कानांवरचे हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "माहे कान पंचाहत्तरचे झाले, बारीक सूर आता निसटते. तुमी ऐका." ज्यांनी हे यंत्र केलं त्यांनी असं सांगताना जराही संकोच केला नाही. ठोका थांबला होता. आधी नुसती शांतता. मग तिच्या तळाशी, सुईएवढा एक सूर. मी अक्षरं लिहीत गेले. पाचही आली, दुसऱ्यांदा आली, तीच आली. सरांनी कागद घेतला, वाचला आणि उठून सगळ्यात आधी म्हणाले, "बंडूभाऊ, मशीन चालू करा. तुमचा हरभरा पाहा."

दुपारी निरोप आला. अक्षरं बरोबर होती. आराखडा मंजूर झाला. भाभींनी बंडूभाऊंच्या घरी शिरखुर्मा पाठवला. वर सांगून धाडलं, "सांगा त्यायले, पुढच्या साली राखणीचे पैशे लावीन."

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, भूक लागो, आणि भाभींचं रागावणं आपल्याला अजून पुष्कळ वर्षं ऐकू येवो. किती माणसांची हाक तुमच्यामुळे पोचली, ते त्यांना कळणार नाही. मला कळलं, म्हणून लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. आराखडा मंजूर झाला तरी परीक्षेचा दुसरा भाग बाकी होता. आता आपण सरांच्या पाठवणाऱ्या संचावरून पाठवायचं आणि डोलमाताईंनी ऐकायचं. सर म्हणाले, "उद्या तुमीच पाठवा." दुसऱ्या दिवशी सकाळी, ठरल्या वेळी, सर शेजारी बसलेले असताना मी मोर्सची कळ दाबून डोलमाताईंना पाठवलं, "तुमचं ऐकू आलं."