डब्यातला गावठी गुलाब

काल सकाळी जळगावला आमच्या गच्चीवरच्या गावठी गुलाबाला पहिलं फूल आलं. मी घाईघाईने नाक खुपसलं... आणि मन खट्टू झालं. वास खरंच येतोय, की मला यावासा वाटतोय, तेच कळेना.

हे रोप भडगावच्या माझ्या आत्याच्या, म्हणजे अक्काच्या, परसातल्या झाडाच्या फांदीपासून केलेलं. अक्का दरवर्षी त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करते. तिच्या मुलाला, भाऊला, आता तिथे गाडीसाठी शेड टाकायचीय. अक्काची एकच अट... जळगावच्या रोपाचं फूल बघून हा तोच गुलाब असल्याचं तिला पटेपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही.

पहिल्या दोन फांद्या मी कुजवल्या. आपल्या काळ्या मातीत काठी खोचली तरी फुटते, या खानदेशी गर्वापायी असोद्याच्या शेतातली माती आणून कुंडी गच्च भरली होती. पाणी खाली उतरेचना. तिसऱ्या वेळी त्याच मातीत गिरणा नदीची वाळू आणि शेणखत मिसळलं, पाणीही बेतानेच दिलं. आता हे रोप जगलं ते वाळूमुळे की कमी पाण्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही... दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या होत्या.

शेवटी फूल स्टीलच्या डब्यात ओल्या रुमालावर ठेवलं आणि भडगावची एसटी पकडली. वाटेत, कोमेजलं तर नाही ना म्हणून झाकण जरासं उघडलं. शेजारच्या अनोळखी मावशींनी मान वळवली. "गुलकंद शे का वं? वास येई रायना." म्हणजे त्यांनाही वास येत होता.

मी पुन्हा वास घेतला. गोड, जड, किंचित लवंगेसारखा... गच्चीवरच्या वाऱ्यात उडून जात असावा, डब्यात साठला होता.

अक्काने फूल हुंगलं. मग एक पाकळी तोडून सावकाश चावली. गुलकंद घालण्याआधी ती नेहमी अशीच पारख करते.

"तोच शे," ती म्हणाली. आणि भाऊकडे न बघताच, "तोडी टाक मंग."

मला आनंद व्हायला हवा होता. पण एका फुलाच्या भरवशावर जुनं झाड तोडायचं? माझ्या रोपाने जळगावचा मे महिना अजून पाहिलेला नाही. मी म्हटलं, "भाऊ, एवढा उन्हाळा जाऊ दे ना."

"आणि माझी गाडी उन्हात?"

"तपू दे," अक्का एकदम म्हणाली. "गाडीले काय वास शे का?"

भाऊ हसला. शेड पावसाळ्यापर्यंत लांबली.

येताना आणखी दोन फांद्या घेऊन आले. या वेळी दोन्हींना माती एकसारखी, फक्त पाणी कमी-जास्त करून बघणार... आणि तोवर उन्हात उभ्या राहणाऱ्या भाऊच्या गाडीचे मनापासून आभार.