उभं झाड, आडवं झाड

अमरावतीत राहून अमरावतीत न राहणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या घराण्यात निघाला. माझ्या वडिलांचे हे चुलतभाऊ. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. घर शहराच्या पार टोकाला. म्युनिसिपालटीची हद्द त्यांच्या मागच्या दारात संपायची आणि परसापासून शेजारच्या खेड्याची पंचायत सुरू व्हायची. ही हद्द काकाजींनी जितकी मनावर घेतली होती तितकी सरकारनेही घेतली नसेल. तंबाखू थुंकायला ते परसात जात, "शहरात मनाई हाय" म्हणून. काकी चिडली की ओसरीत येऊन बसत, कारण "इथं पोलीस तरी हाय." मी अकोल्याहून सुट्टीत गेलो की पहिला प्रश्न, "जेवाले कुठं बसतं, शहरात का खेड्यात?"

पण त्यांचा खरा अधिकार झाडांवर. शहरात साधी बाभूळ तोडायलाही अर्ज लागे, पण झाड कामाच्या आड येतं म्हटलं की परवानगी मिळे. खेड्यात बाभळीला कुणी विचारत नसे, मात्र निंब अन् आंबा उभा असेतो कुऱ्हाड लावायची नाही, पडला तरच तोडायचा. कुणी सल्ल्याला आलं की काकाजी आधी बुंधा पाहायला उठत. एका शेजाऱ्याच्या बाभळीचं खोड खेड्यात अन् फांद्या शहरात निघाल्या. "खोड खुशाल तोड, फांद्यांचा अर्ज कर," काकाजींनी निकाल दिला. तो बिचारा खरंच अर्ज देऊन आला.

त्यांच्या स्वतःच्या परसात निंबाचं मोठं झाड होतं. काकीला दमा. उन्हाळ्यात घरात तिचा जीव घुसमटे, म्हणून दिवसभर तिची बाज त्या सावलीत. एका वैशाखात म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर आले. नवी नाली परसातून न्यायची होती अन् झाड मध्ये येत होतं. काकाजींनी हद्द दाखवली, तेव्हा साहेब खेड्याच्या सरपंचाकडे गेले. "झाड आडवं आहे, तोडू का?" सरपंच म्हणाला, "आडवं असन त तोडा ना, पुसता कायले?"

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन माणसं हजर. काकी बाजेवर उठून बसली आणि नुसती काकाजींकडे पाहत राहिली. काकाजी धोतर सावरत पळत गेले अन् सरपंचाला घेऊन आले. त्याने झाड खालून वर पाहिलं. "सायेब, हे त उभं हाय. आमच्याकडं आडवं म्हंजे पडलेलं." नाली वळवावी लागली.

पुढे काकी गेली. मी भेटायला गेलो तर काकाजी ओसरीत, मागचं दार बंद. त्या झाडाकडे त्यांना पाहवत नव्हतं. मला घेऊन ते सरपंचाकडे गेले, झाड तोडायची परवानगी मागायला. सरपंचाने चहा पाजला, त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "काकाजी, उभं हाय ना ते."

वादात कधी न हरलेला माणूस हरून घरी निघाला होता. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन त्यांनी मागचं दार उघडलं. मी म्हटलं, "काकाजी, मनाला लावून घेऊ नका."

"तो नाई म्हणन हे मले ठाऊक होतं बाबू," ते म्हणाले. "हो म्हणणारा असता, त मी गेलोच नसतो."